बँकेची नोकरी की घरची केळीबाग?

प्रश्न : तापीकाठ, रावेर

मी बी.एस्सी. कृषी असून माझे वय 27 आहे. यंदा एका राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी म्हणून माझी निवड झाली आहे; रुजू होण्यास महिना उरला आहे आणि नेमणूक परराज्यातही होऊ शकते. इकडे घरची सहा एकर केळी आहे, आणि गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आप्पांना ती एकट्याने सांभाळणे जमत नाही. गेल्या मे महिन्यात रात्री वादळ झाले. पहाटे बॅटरी घेऊन आम्ही बागेत गेलो, तेव्हा निम्मी झाडे घडासकट आडवी झाली होती आणि आप्पा एकेका घडावरचा चिखल हाताने पुसत पुढे चालले होते. तेव्हापासून बाग सोडवत नाही, आणि तिच्या भरवशावर नोकरी नाकारण्याचे धाडसही होत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया लिहावे.

उत्तर : केळी उत्पादक, यावल

भाऊ, आधी हिशेब मांडा. सहा बाय पाच फुटांवर एकरी सुमारे 1,450 झाडे बसतात. घड सरासरी 20 किलोचा धरला, तर 290 क्विंटल माल निघतो. कापणीच्या वेळी भाव क्विंटलमागे 500 रुपयांनी उतरला, की एकरी 1,45,000 रुपये गेले, आणि तयार घड भाव चढेपर्यंत झाडावर थांबत नाही. हरण्या, म्हणजे मावा किडीमुळे पसरणारा सीएमव्ही हा विषाणूरोग, आला तर त्यावर औषध नाही. मावा आवरायचा आणि रोगट रोपे दिसतील तशी उपटून नष्ट करायची, म्हणून कोवळ्या बागेत रोज फेरी मारावी लागते. इतके असूनही मला हे काम कधी सोडावेसे वाटले नाही. मात्र फोनवरून केळी होत नाही. नोकरी घेणार असाल, तर आप्पांना झेपेल असे हरभरा-मक्यासारखे पीक घ्या.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, धुळे

या पदाच्या भरतीसाठी खुल्या प्रवर्गात कमाल वय 30 वर्षे आहे, त्यामुळे आज नाकारलेली नोकरी पुन्हा मिळवण्यास तुमच्यापाशी फार वेळ नाही. जमीन चाळिशीतही कसता येते. एक गोष्ट मात्र लपवत नाही. वसुलीसाठी मी ज्यांच्या दारात गेलो, त्यांतल्या काहींची बाग नुकतीच झोपलेली असायची, आणि तिथे चहा घेणेही मला जड जाई. तुम्हाला ते अधिक जड जाईल. पण अशा दारात शेतकऱ्याचाच मुलगा जावा, असे मला आजही मनापासून वाटते. रुजू व्हा.

उत्तर : चोपड्याची लेक

दादा, तुम्ही आप्पांच्या गुडघ्यांविषयी लिहिलेत, परंतु त्यांच्या मनात काय आहे ते कुठेच लिहिले नाहीत. त्यांना विचारलेत का?

तापीकाठ, रावेर

ताई, काल रात्री विचारले. यंदा कांदेबाग, म्हणजे पावसाळा संपताना लावायची केळी, लावायची नाही, हे त्यांनी मनाशी केव्हाच ठरवले होते; मी नोकरी सोडीन या भीतीने ते बोलले नव्हते. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी, म्हणजे उभी मृगबाग, कापून होईपर्यंत रुजू होण्यास मुदतवाढ मिळेल का, हे विचारणारे पत्र मी आज बँकेला लिहीत आहे.