कुट्टी मशीनचं अनुदान आणि वाया गेलेला नेपियरचा मुरघास

सातगाई
नमस्कार मंडळी. आम्ही संगमनेर तालुक्यातले. सात एचएफ (होल्स्टीन) गाई, दोन कालवडी, आणि ओढ्याकडेच्या तुकड्यात सासऱ्यांनी हौसेनं लावलेलं सुपर नेपियर.

गेल्या श्रावणात मी पहिल्यांदा मुरघास केला, म्हणजे ओला चारा हवाबंद बॅगेत दाबून आंबवला. मका नव्हती, म्हणून नेपियरच कापलं. पाऊस जरा उघडला की लगेच विळे लावले, गवत अजून निथळत होतं. शेजारच्यांच्या मशीनवर कुट्टी केली, म्हणजे गवताचे बारीक तुकडे केले, टनाच्या चार बॅगा भरल्या आणि दाबायला पोरांना आत उड्या मारायला सोडलं. पोरं खूश, मीही खूश. दिवाळीनंतर पहिली बॅग फोडली तर जाऊबाई ओसरीवरूनच ओरडल्या, "काय मेलंय गं?"

बुडाशी काळपट पाणी साठलेलं. कुट्टी हातात घेतली तर साबणासारखी बुळबुळीत, आणि वास दोन दिवस हाताचा जाईना. गाईंनी हुंगून तोंडं फिरवली. चारही बॅगा उकिरड्यावर गेल्या.

आता सासरे म्हणतात, आपलं स्वतःचं मशीन आणू, म्हणजे मुरघास नीट होईल. तालुक्याला एक दुकानदार म्हणतो, "मशीन आजच घेऊन जा, बिलाची तारीख मागाहून टाकू, अनुदान मिळतंच." मला हे पचत नाही. माझ्या नावावर पंधरा गुंठे आहेत, बाकी सगळं सासऱ्यांच्या नावावर, साधारण साडेतीन एकर. बाईच्या नावानं अर्ज केला तर जास्त मिळतं का? आणि खरा प्रश्न हा, की गवत मुरघासाला आलंय की नाही, हे कापायच्या आधी कसं ओळखायचं?

मुळाकाठ
ताई, त्या दुकानदाराला हात जोडा आणि बाहेर पडा. महाडीबीटीवर (सरकारच्या अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज, मग पूर्वसंमती, आणि पूर्वसंमतीचं पत्र हातात आल्यावर खरेदी. हा क्रम उलटा केला की फाईल तिथंच बसते. आमच्या गावात एकानं आधी मशीन आणलं, त्याचं अनुदान अजून "येतंय".

नावाचं म्हणाल तर अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना ५० टक्के, बाकीच्यांना ४०. सासऱ्यांची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे, म्हणजे तेही अल्पभूधारक. त्यामुळे अर्ज कुणाच्याही नावानं केला तरी टक्का तोच. ज्याच्या नावावर सातबारा, आठ-अ आणि आधारला जोडलेलं बँक खातं धड आहे, त्याच्या नावानं करा. फार्मर आयडी आधी काढून ठेवा, त्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. पूर्वी सोडत निघायची, २०२५ पासून आधी अर्ज करील त्याला आधी असं झालंय, तेव्हा रेंगाळू नका.

आणि ५० टक्के म्हणजे दुकानदाराच्या कोटेशनच्या निम्मे नव्हेत. निम्मे किंवा सरकारनं ठरवलेली कमाल रक्कम, यातलं जे कमी ते. पोर्टलवर "कडबा कुट्टी" शोधून मी एक दुपार घालवली. ते फोरेज, ग्रास अँड स्ट्रॉ अशा गटात निघालं. मशीनचा तपासणी अहवाल आहे का ते दुकानात विचारा. कृषी खात्याचा माणूस पाहणीला येतो, तेव्हा मशीन गोठ्यावर पाहिजे.

चिकातला_दाणा
अनुदानाचं मुळाकाठ बरोबर सांगतायत. पण वैनी, तुमचा मुरघास मशीननं बिघडलेला नाही, पाण्यानं बिघडलाय. बुडाला पाणी, हाताला बुळबुळीत आणि सडका वास, म्हणजे आंबट व्हायच्या ऐवजी कुजला.

मुरघासाला गवतात ६५ ते ७० टक्के पाणी पाहिजे. कोवळं नेपियर ८० च्या वर असतं, त्यात साखर कमी. साखर नाही तर आंबवणाऱ्या जिवाणूंना खायला काय? मक्याचं सोपं असतं. कणीस मोडायचं, दाण्यावरची दुधाची रेघ अर्ध्यावर आली, दाणा चिकात आला, की कोयता लावायचा. नेपियरला असली खूण नाही, त्याचं पाणीच मोजावं लागतं.

मुठीचा अंदाज असा. कुट्टी अर्धा मिनिट गच्च दाबून मूठ उघडा. बोटांतून रस आला तर थांबा. गोळा तसाच राहिला पण हात नुसता ओलसर झाला, तर जवळ आलाय. गोळा हळूहळू सुटला तर भरा. याहून पक्कं पाहिजे तर मायक्रोवेव्ह ओव्हन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १०० ग्रॅम कुट्टी मोजा, ओव्हनमध्ये शेजारी पाण्याचा पेला ठेवा (नाहीतर शेवटी गवत पेटतं), दोन-दोन मिनिटं, मग अर्धा-अर्धा मिनिट, वजन घटायचं थांबेपर्यंत. शेवटी जितके ग्रॅम उरले तितके टक्के सुका भाग. ३० ते ३५ उरले पाहिजेत.

कमी भरला तर ऊन देऊन सुकवा, नाहीतर कडब्याची कुट्टी मिसळा. साखरेसाठी टनाला ३० किलो उसाची मळी (मोलॅसिस). तुकडा अर्धा ते पाऊण इंच. मशीनचं पातं बोथट असेल तर गवत कापत नाही, चिंधड्या होतात, आणि मग दाबलं तरी हवा राहते. पोरांच्या उड्यांनी मधलं दबतं, कडेचं नाही. कडेनं फिरत पायानं तुडवा, दर अर्ध्या फुटाच्या थराला.

ओलाचाराच_बरा
नेपियर रोज कापून ओलं टाकायचं गवत आहे हो. मुरघासाला मका लावा की.

चिकातला_दाणा
पाणी असेल तर मका लावा, कोण नको म्हणतं. ज्यांच्याकडं नेपियर आताच डोक्यावर गेलंय त्यांनी काय त्याला बघत बसायचं?

सातगाई
सगळ्यांचे आभार. अर्ज सासऱ्यांच्या नावानं भरला, आता पूर्वसंमतीची वाट बघतोय. दुकानदाराला सांगितलं, पत्र आलं की येते. तो हसला.

ओव्हन जाऊबाईंचा, केकसाठी घेतलेला. मंगळवारी सकाळी कापलेल्या नेपियरची १०० ग्रॅम कुट्टी ठेवली. शेवटी उरले १७ ग्रॅम. म्हणजे ८३ टक्के पाणी! गेल्या वर्षी पावसात कापलेल्याचं काय असेल, विचारूच नका. मग उरलेलं गवत दिवसभर उन्हात पसरलं, संध्याकाळी पुन्हा मोजलं तर २२. पानं कुरकुरीत झाली होती, पण कांडं मोडलं की आतून पाणी चमकत होतं.

मग सासऱ्यांनी आणि मी पाटीवर हिशेब मांडला. कडब्यात सुका भाग ९० टक्के धरला, तर १०० किलो सुकवलेल्या गवतात १३ किलो कडबा घातल्यावर कुठं ३० होतात. न सुकवता घालायचं तर २१-२२ किलो. कडब्याच्या पेंढीचा भाव ऐकून सासरे गप्प झाले. म्हणून दोनच बॅगा भरल्या, बाकीचं नेपियर ओलंच टाकतोय. यावेळी मूठ उघडली तेव्हा गोळा सावकाश सुटला. बॅगांवर तारीख लिहिलीय, ४५ दिवस हात लावायचा नाही असं पोरांना बजावलंय.

ओव्हनला मात्र अजून गवताचा वास येतोय. जाऊबाई बोलल्या नाहीत, पण काल त्यांनी केक कुकरमध्ये केला.