ट्रंपेटला छिद्रं पाडून ‘ऐतिहासिक वाद्य’ म्हणायचं का?

पितळी नळी:
बरोक संगीत (बाख-हँडलच्या काळातलं युरोपीय संगीत) जुन्या घडणीच्या वाद्यांवर वाजवणाऱ्या वृंदांत व्हायोलिनला आतड्याच्या तारा असतात, ओबोला (लाकडी फुंकवाद्याला) मोजक्याच चाव्या असतात. ट्रंपेटला मात्र बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार छिद्रं दिसतात. संगीतकार बाखच्या लाइपझिगमधल्या ट्रंपेटला ती नव्हती. १९६० च्या सुमारास जर्मनीत वाद्यनिर्माते ओटो श्टाइनकोफ यांनी ती आणली. छिद्रांचं वाद्य वापरायचं तर कार्यक्रमपत्रिकेत तसं छापा, एवढंच माझं म्हणणं.

D या पाश्चात्य स्वराचा ट्रंपेट म्हणजे सात-आठ फूट लांबीची, दोनदा वळवलेली नळी. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार ज्या नियमानं ऐकू येतो, त्याच नियमानं तिचे सगळे स्वर निघतात: मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा कंपनांचे, म्हणजे हार्मोनिक. D हा षड्ज धरला तर अकरावा हार्मोनिक शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळपास मधोमध पडतो, तेरावा शुद्ध धैवताच्या बराच खाली, सातवा कोमल निषादालाही पोचत नाही. हे स्वर ओठांनी चढवून-उतरवून जागेवर आणायचे, हीच त्या वादकांची विद्या.

तीव्र म:
विद्या मान्य, पण ती दर वेळी साधत होती का? १७८४ मध्ये लंडनला हँडलच्या स्मरणार्थ मोठा उत्सव झाला. त्यात हँडलच्याच ‘मसाया’तल्या ट्रंपेटच्या आरियात (एकल गाण्यात) मध्यम लांबला की श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर नाराजी उमटायची, असं संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी नोंदवलंय. म्हणजे तेव्हाच्या कानांनाही ते खटकत होतं. आणि छिद्रं जुनी नाहीत असं कसं म्हणता? वाद्यनिर्माता विल्यम शॉच्या १७८७ च्या ट्रंपेटला ती आहेत.

अंगठ्याचं छिद्र उघडलं की नळीचा मूळ स्वर षड्जावरून मध्यमावर चढतो, मग मध्यम तिथे आठवा हार्मोनिक होऊन येतो आणि धैवत दहावा. दोन्ही आपोआप सुरात. उरलेली छिद्रं शेजारचे हार्मोनिक गाळतात. आठव्यापासून सोळाव्यापर्यंत स्वर इतके खेटून असतात की ओठ जरा सैल पडला की स्वर शेजारी घसरतो. गाळणी लावली की ही भीती बरीच कमी होते. हजार लोकांसमोर एकदाच वाजवायचं असतं, हे विसरू नका.

पितळी नळी:
शॉचं वाद्य बाख गेल्यावर ३७ वर्षांनी झालं, त्यावर लाइपझिगचा निकाल लावता येत नाही. छिद्र उघडलं की स्वराचा पोतही बदलतो: बंद नळीचा स्वर भरदार आणि उघड्याचा फिका, एकाच ओळीत. ट्रंपेटवादक झ्यां-फ्रांस्वा मादफ यांनी सिगिस्वाल्ड कॉयकन यांच्या ‘ला पतीत बांद’ या वृंदाबरोबर बाखचा दुसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो छिद्रांशिवाय वाजवलाय. तो ऐका, मग अशक्य म्हणा.

मंद्र:
तुम्ही दोघं छिद्रांवर भांडताय, पण खरी गोम मुखनळीत, म्हणजे ओठ टेकवायच्या भागात आहे. जुन्या मुखनळीची वाटी मोठी, कडा रुंद व सपाट, आणि वाटी जिथे नळीला मिळते तिथली धार तीक्ष्ण. त्या धारेमुळेच स्वर ओठांनी वाकवता येतो. छिद्रांच्या ट्रंपेटवर बरेच जण आधुनिक मुखनळी लावतात. ती स्वराला खाचेत घट्ट बसवते, मग छिद्रांशिवाय इलाजच उरत नाही.

दुसऱ्या ब्रांडेनबुर्गमध्ये F च्या ट्रंपेटसोबत रेकॉर्डर (उभी धरायची बासरी), ओबो आणि व्हायोलिन आहेत, आणि ट्रंपेट अठराव्या हार्मोनिकपर्यंत चढतो. जुन्या मुखनळीनं तिथे हळू आवाजात वाजवता येतं. आधुनिक मुखनळीनं सहसा बिचारा रेकॉर्डर बुडतो.

तीव्र म:
मुखनळीचं पटलं. पण बाखचा ‘ख्रिसमस ओरातोरिओ’ घ्या. तिन्ही ट्रंपेट फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या भागात. मधल्या वेळात पितळ गार होतं, सूर उतरतो, आणि शेवटच्या कोरालमध्ये (समूहस्तोत्रात) पहिल्या ट्रंपेटला सगळ्यात अवघड ओळी. तिथे छिद्रं हवीतच.

पितळी नळी:
मग काही कारागीर देतात तसं करा: मधली नळी बदलता येणारी, एक छिद्रांची, एक बिनछिद्रांची. ब्रांडेनबुर्गला साधी नळी लावा, ओरातोरिओला दुसरी. आणि पत्रिकेत दोन्हींची नोंद द्या.