बायकांच्या बाथरूममध्ये मोफत पॅड ठेवायचे आहेत: नोंदवही ठेवावी का?

सांवेररोडकर
इंदूरला सांवेर रोडवर नमकीनचं पॅकिंग युनिट आहे. पॅकिंगवर ३८ बायका, एकच शिफ्ट ९ ते ६, महिन्याला २६ दिवस काम. बायकांसाठी ३ संडास, बाहेर एक बेसिन. शेठ पॅडचा खर्च करायला तयार आहेत, पण अटी घालताहेत: माल सुपरवायझरच्या कपाटात राहील (सुपरवायझर पुरुष आहे), घेणारीने वहीत नाव लिहून सही करायची, आणि डब्यावर कंपनीच्या नावासह ‘सप्रेम भेट’ लिहायचं. उघड्यावर ठेवलं तर दोन दिवसांत पिशव्या भरून घरी जाईल, असं त्यांना वाटतं.
महिन्याला किती नग लागतील, कुठले घ्यावेत, नाणं टाकायचं मशीन बरं की साधा डबा, वापरलेल्या पॅडचं काय करायचं? आणि वहीबद्दल शेठना काय सांगू?

दवाबाजारवाला
आधी हिशेब. पाळीचं चक्र साधारण २८ दिवसांचं, त्यात रक्तस्राव ५ दिवस. म्हणजे ३८ जणींपैकी कुठल्याही दिवशी ६-७ जणींना पाळी असते. ड्यूटीच्या ९ तासांत एकीला २ पॅड धरले तर दिवसाला १३-१४, महिन्याला ३५०. ही वरची मर्यादा झाली. काहींची पाळी थांबलेली असेल, काही गरोदर असतील, बऱ्याच जणी घरूनच लावून येतात. सुरुवातीला २०० आणा, दर शनिवारी उरलेले मोजा, दोन महिन्यांत खरा आकडा हाती येतो.

माल दोन मापांचा घ्या: २८० मिलिमीटरचे दोन भाग, ३२० चा एक भाग, दोन्ही विंग्जवाले. पॅकिंगवाल्या बायका दिवसभर उठबस करतात, बिनविंग्जचा पॅड सरकतो. प्रत्येक नग वेगळ्या पाकिटातला हवा. स्वस्तात सुटे पॅड मिळतात, पण डब्यात हात घालणाऱ्या प्रत्येकीचा हात त्यांना लागतो. वरचा थर मऊ कापसासारखा बघा. जाळीदार प्लॅस्टिकच्या थराने उन्हाळ्यात मांड्या सोलवटतात.

दर म्हणाल तर जनऔषधी केंद्रावर ऑगस्ट २०१९ पासून पॅड १ रुपयाला आहे, ब्रँडेड ७-८ ला पडतो. ३५० नग ८ रुपयांनी धरले तरी २८०० रुपये, म्हणजे बाईमागे महिन्याला ७४. पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८ मध्ये शून्य झाला, तेव्हा बिलात लावलेला दिसला तर परत पाठवा.

रामबागची ताई
मशीन घेऊ नका. पाकीट मऊ असतं, पावसाळ्यात ओल धरून फुगतं आणि आतल्या स्प्रिंगमध्ये अडकतं. विजेवरचं असेल तर वीज गेली की बंद. यूपीआयवालं मशीन तर तुमच्याकडे चालायचंच नाही, कारण खाण्याच्या युनिटमध्ये बायका मोबाइल, पर्स, पिशवी सगळं लॉकरला ठेवून आत येतात. अंगावर अ‍ॅप्रन, टोपी, हातमोजे. त्या अ‍ॅप्रनला वर खिसाही नसतो, मालात काही पडू नये म्हणून. घरून आणलेला पॅड लॉकरमध्ये आणि बाई संडासात, अशी ती अडचण. ‘आपापला आणा की’ म्हणणाऱ्या शेठना हा अ‍ॅप्रन दाखवा.

डबा बेसिनपाशी नको, प्रत्येक संडासाच्या आत हवा. गरज कळते ती आत बसल्यावर, आणि तिथून कुणाला हाक मारायची? जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटरवर, बसल्या जागी हात पोहोचेल असा, जेटच्या उलट्या बाजूच्या भिंतीला. आपल्याकडे फरशी पाइपाने धुतात, त्यामुळे झाकण वरून खाली पडणारं हवं. एका डब्यात १०-१२ नग पुरे. बाकीचा माल कोरड्या कपाटात. पत्र्याच्या छताखाली ठेवू नका, मे महिन्यात मागचा गोंद पाघळतो आणि पॅड चड्डीला धरत नाही.

कपाटाची किल्ली सुपरवायझरकडे नाही, सफाईच्या मावशींकडे. त्यांनी सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर डबे भरायचे आणि किती भरले तेवढा आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. शेठना वही हवी आहे ना, ही घ्या वही. माल मोजला जातो, बायका मोजल्या जात नाहीत.

मधुमालती
नावाच्या वहीने नेमकं काय बिघडतं ते शेठना असं सांगा. सही केली की तारीख लागते, आणि कुणाची पाळी केव्हा आली, कुणाची चुकली हे पुरुष सुपरवायझरला महिनोन् महिने वाचता येतं. लग्न ठरलेली मुलगी या वहीत नाव घालणार नाही. ती दर ४ ते ६ तासांनी बदलायचा पॅड संध्याकाळपर्यंत ओढेल, ओलीने जांघा सोलवटतील, वास येईल म्हणून जेवायला इतरांपासून लांब बसेल. वर्षाअखेर वहीत ११ सह्या दिसतील आणि शेठ म्हणतील, ‘बघा, कुणाला गरजच नव्हती.’ वही गरज मोजत नाही, संकोच मोजते.

पहिल्या महिन्यात माल जास्त उचलला जाईल, हे धरून चाला. उद्या डबा रिकामा मिळेल ही भीती असते म्हणून एकीला दोन लागतील तिथे ती चार घेते. ही भीती घालवायला डबा एकदाही रिकामा दिसता कामा नये. पुढे आपोआप बसतं. शनिवारी जाताना एखादीने रविवारसाठी दोन घेतले तर शेठचे १५ रुपये गेले. मे महिन्यात प्याऊवर, म्हणजे पाणपोईवर, पाणी पिणाऱ्याला कुणी ‘किती ग्लास प्यालास’ विचारत नाही, बाटली भरून नेली तरी नाही. अहिल्याबाईंच्या शहरात शेठना हे वेगळं सांगायला लागू नये.

‘सप्रेम भेट’ अजिबात नको. नाव घालून द्यायचं ते लग्नातलं पातेलं. ज्या संडासात साबणावर कुणाचं नाव नाही, तिथे पॅडवर कशाला? देणाऱ्याचं नाव वाचलं की घेणारी मिंधी होते आणि हात आखडता घेते.

स्कॉटलंडने हे कायद्यातच घातलं. २०२० मध्ये विधेयक मंजूर झालं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून स्थानिक परिषदा व शिक्षणसंस्थांवर पाळीची साधनं मोफत देण्याची सक्ती आली, तीही सहज मिळतील आणि घेणारीची प्रतिष्ठा राखली जाईल अशा रीतीने. खासगी कारखाने त्यात नाहीत. पण प्रतिष्ठेची अट तुम्ही विनासक्ती उचलू शकता.

दवाबाजारवाला
वापरलेल्या पॅडचं राहिलं. प्रत्येक संडासात पायाने उघडणारा झाकणाचा डबा, आत पिशवी, शेजारी खिळ्याला वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन. संडासाच्या भांड्यात टाकू नका हे ठळक लिहा: आतली जेलची भुकटी पाणी पिऊन फुगते आणि चेंबर तुंबतो. पिशवी रोज संध्याकाळी बांधायची, भरो न भरो. इंदूरच्या गाडीत सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, त्यातच जायला हवी. पुण्यात अशा पुडीवर लाल टिपका काढतात, म्हणजे कचरा वेचणारीला उघडून बघावी लागत नाही. तुम्हीही काढा.

जाळायचं छोटं विजेचं यंत्र कुणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका. पॅड नीट जळायला ८०० अंशांच्या वर तापमान लागतं, ही भिंतीवरची यंत्रं ओल्या पॅडने तितकी तापत नाहीत. अर्धवट जळलेल्या प्लॅस्टिकचा विषारी धूर निघतो, आणि बाजूला तुमची शेव उघडी.

सांवेररोडकर
नावाची वही रद्द, शेठ तयार झाले. ‘सप्रेम भेट’वर अजून अडून आहेत. दारावर काय लिहू? बऱ्याच बायका निमाडी-मालवी बोलतात, काहींना वाचता येत नाही.

रामबागची ताई
हिंदीत लिहा, मोठ्या अक्षरात, दोनच ओळी: ‘आपके लिए है, जितने चाहिए लीजिए। पूछना नहीं है।’ खाली पॅडचं आणि झाकणाच्या डब्याचं चित्र. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मावशी पहिल्या दिवशी आत नेऊन झाकण उघडून दाखवतील, सभा घेऊन सांगू नका. शेठना नाव हवंच असेल तर पॅडच्या बिलावर आहेच. कपाटात ६० नग उरले की पुढची ऑर्डर द्या. दिवाळीआधी आठवडाभर जास्तीच्या बायका येतात, तेव्हा १०० नग उरले असतानाच द्या.