अमेरिकेच्या लष्करी तळांना कोळशाची वीज, यात सुरक्षा नक्की कुठे आहे?

सारंग_आर:
फेब्रुवारी 2026 मध्ये ट्रम्पनी आदेश काढला की लष्करी तळांसाठी कोळशावरच्या वीजकेंद्रांशी लांब मुदतीचे करार करा. कारण काय, तर कोळसा प्लांटच्या आवारात साठवता येतो, गॅस मात्र पाइपलाइनवर अवलंबून. ऐकायला पटतं. पण वीजकेंद्र कुठेतरी लांब, तळ दुसरीकडे आणि मधे तीच सगळ्यांची ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जाळं, मग नुसता करार करून तळावरची वीज कशी टिकणार? कोणी या लाइनमधलं असेल तर प्लीज समजावून सांगा.

बॉयलर_चंद्रपूर:
साठ्याचा मुद्दा खोटा नाही, पण यार्डात ढीग दिसतोय म्हणजे वीज निघतेच असं नसतं हो. आमच्याकडे पावसाळ्यात ओला कोळसा बंकरला, म्हणजे बॉयलरआधीच्या कोळशाच्या टाकीला, असा चिकटतो की खाली फीडरच्या पट्ट्यावर येतच नाही, मग पोरं बाहेरून पत्र्यावर घण मारत बसतात, लोड उतरवावा, म्हणजे वीजनिर्मिती कमी करावी लागते आणि ज्योत विझू नये म्हणून ऑइल सपोर्ट, म्हणजे सोबत तेल जाळावं लागतं. अमेरिकेत हेच थंडीत होतं, जानेवारी 2014 च्या पोलर व्होर्टेक्समध्ये, म्हणजे ध्रुवाकडून आलेल्या कडाक्याच्या थंडीत, तिकडच्या पीजेएम नावाच्या ग्रिडवर गोठलेल्या कोळशामुळेही युनिट बंद पडले होते. 2017 मध्ये तिथल्या ऊर्जामंत्र्यांनी, म्हणजे रिक पेरींनी, 90 दिवसांचा इंधनसाठा ठेवणाऱ्या केंद्रांना जादा पैसे द्यायचा प्रस्ताव आणला होता, तो ‘फर्क’ (FERC) या तिथल्या ऊर्जा नियामक आयोगाने जानेवारी 2018 मध्ये फेटाळला, आणि फेटाळणाऱ्यांत बहुतेक ट्रम्पनीच नेमलेले सदस्य होते.

मेघना_मिशिगन:
आमच्या राज्यातलं सांगते. जे. एच. कॅम्पबेल नावाचं कोळशाचं केंद्र 31 मे 2025 ला बंद होणार होतं, आठच दिवस आधी ऊर्जा खात्याने आणीबाणीचा आदेश काढून चालू ठेवायला लावलं आणि मग 90-90 दिवसांनी तोच आदेश पुन्हा. कंपनीने स्वतःच बंद करायचं ठरवलेलं, आणि आता खर्च आजूबाजूच्या राज्यांतल्या ग्राहकांच्याही बिलात. संरक्षणाचं नाव घेतलं की प्रश्न विचारणारे गप्प बसतात याचा मला मनापासून राग येतो.

उत्तरध्रुव:
मेघनाताई, राग समजतो, पण अलास्का बघितल्याशिवाय सरसकट बोलू नका. फोर्ट वेनराइट आणि आयल्सन या तळांच्या आवारातच कोळशाची केंद्रं आहेत, कोळसा हीलीच्या उसिबेली खाणीतून येतो, ती राज्यातली एकमेव चालू कोळसा खाण. तिथे उणे 40 ला विजेपेक्षा उष्णता महत्त्वाची, केंद्रातली वाफ जमिनीखालच्या बोगद्यांतून बराकीत जाते, ती थांबली तर काही तासांत पाइप गोठून फुटायला लागतील. तिथे कोळसा म्हणजे खरोखरच सुरक्षा, कारण खाण जवळ, केंद्र कुंपणाच्या आत, मधे कोणाची ग्रिड नाही. अर्थात आयल्सनलाही आता छोटी अणुभट्टी बसवायचं चाललंय.

सारंग_आर:
हे भारी सांगितलंत, धन्यवाद. म्हणजे कोळसा की गॅस हा भांडणाचा विषयच नाही, केंद्र कुंपणाच्या आत आहे की बाहेर हे बघायचं. कारण बहुतेक वेळा वीज जाते ती तारा तुटून, खांब पडून.

बॉयलर_चंद्रपूर:
अगदी. सॅन दिएगोजवळचा मिरामार तळ बघा, शेजारच्या कचरा डेपोतला गॅस, सोलर, डिझेल-गॅसची जनरेटर आणि बॅटरी असं मिळून मायक्रोग्रिड, म्हणजे तळापुरती छोटी वेगळी ग्रिड, केलंय, बाहेरची ग्रिड गेली तरी महत्त्वाचा लोड चालतो. अमेरिकी आर्मीचा स्वतःचा नियमही हाच, महत्त्वाच्या कामांना 14 दिवस पुरेल इतकी वीज-पाण्याची सोय तळावर हवी. लांबच्या केंद्राशी केलेला करार त्यात कुठे बसतो ते मला तरी दिसत नाही.

उत्तरध्रुव:
आणि लष्कराच्या नावाने कोळसा खपवणं हे पहिल्यांदा होत नाहीये. जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नच्या अमेरिकी तळांना ऊब द्यायला पेनसिल्व्हेनियाचा अँथ्रासाइट कोळसा अनेक दशकं समुद्रापार नेत होते, कारण पेनसिल्व्हेनियाच्या खासदारांनी संरक्षण बजेटमध्येच तशी अट घुसवलेली. जर्मनीत कोळशाची काय कमी होती? खाणीतली कामं टिकवायची असतील तर टिकवा ना, त्या माणसांची पोटं आहेत, पण मग तो पैसा कामगारांसाठी म्हणून उघड मागा, लष्कराच्या बजेटमधून नको.