'नो साबो' म्हणून हिणवण्याआधी
अमेरिकेतल्या ज्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) मुलांना स्पॅनिश येत नाही, त्यांच्याबद्दल 'आईबापांनीच भाषा टाकली' असं म्हटलं जातं, ते मला फार लागतं. शाळेत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणं टेक्सासने १९१८ साली गुन्हा ठरवलं होतं. पुढे कित्येक दशकं तिथे मैदानावर स्पॅनिश बोलल्याबद्दलही पोरांना मार बसे. तो मार आठवणारी आई लेकराशी इंग्रजीतच बोलणार ना!

आणि मग त्याच लेकराला नातेवाईक 'नो साबो' म्हणून चिडवतात. 'मला माहीत नाही' याला स्पॅनिशमध्ये 'नो से' म्हणतात, पण 'साबेर' (माहीत असणे) हे क्रियापद सरळ नियमाने चालवलं की 'साबो'च होतं. (आपलं पोर 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतं, तसंच.) घरात फक्त स्पॅनिश ऐकणारी लहान मुलंही कित्येकदा 'साबो' म्हणतात.