गिरमिट, सामता की ब्रेस?

प्रश्न : फोंड्याच्या आमच्या जुन्या घरात माळ्यावर आजोबांची हत्यारांची पेटी मिळाली. त्यात घोड्याच्या नालासारखं वाकलेलं एक लोखंडी हत्यार आहे. मधे लाकडी मूठ, डोक्यावर लाकडी गोल गठ्ठू, सोबत पिळाच्या बिटांची जुडी. आई त्याला गिरमिट म्हणते, शेजारचे मेस्त (सुतार) सामता म्हणतात. बरोबर कोण? आणि बिट बसवलं तरी डुगडुगतं, ते कशामुळे?

उत्तर : आई बरोबर आहेत, कारण बोलताना आपण फिरवून भोक पाडणाऱ्या कुठल्याही हत्याराला गिरमिट म्हणतो. तरी मला फरक ठेवावासा वाटतो. ज्याचं पातं आणि आडवी मूठ एकजीव असते ते गिरमिट. बिट काढून दुसरं घालता येतं तो ब्रेस, तुमच्या पेटीतला तोच. (मी ‘तो ब्रेस’ म्हणतो, ‘ते’ म्हणणारेही भेटतात.) सामता मात्र वेगळा. त्याला कमानीची दोरी गुंडाळलेली असते, कमान पुढेमागे ओढली की तो उलटसुलट फिरतो. पोर्तुगीजमध्ये ब्रेसला ‘आर्कु द पुआ’ म्हणतात. आर्कु म्हणजे कमान, पुआ म्हणजे अणकुचीदार टोक. तिथली कमान नुसत्या आकाराची, आपल्या सामत्याची कमान खरीखुरी, दोरी लावलेली. मेस्तांच्या मनात दोन्ही कमानी एक झाल्या असाव्यात.

‘गिरमिटिया’ शब्दाशी या गिरमिटाचं नातं नाही. तो ‘अ‍ॅग्रीमेंट’वरून आला, मळ्यांवर करारानं नेलेल्या मजुरांसाठी. ‘डोक्याला गिरमिट लावलंय’ मात्र याच हत्याराचं. एकदा स्वतः वेज (भोक) पाडून पाहा, म्हणजे तो वाक्प्रचार हाताला कळतो.

आता डुगडुगण्याचं. बिटाचं वरचं टोक नीट बघा. ते चौकोनी आहे आणि निमुळतं होत जातं. ब्रेसच्या चकात, म्हणजे बिट धरणाऱ्या भागात, दोन जबडे असतात, त्यांच्या आतल्या बाजूला उभी खाच असते. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे त्या खाचांत बसायला हवेत. सपाट बाजू जबड्यात धरली की बिट तिरकं राहतं. डाव्या हातानं चक घट्ट धरा, उजव्या हातानं मूठ डावीकडे फिरवा, जबडे उघडतील. चकाच्या तळाशी चौकोनी खळगा आहे, टोक तिथवर जाऊ द्या आणि मूठ उजवीकडे फिरवून आवळा. या दोन जबड्यांच्या चकाचं पेटंट अमेरिकेत बार्बरनं १८६४ साली घेतलं. विजेच्या ड्रिलचं गोल दांड्याचं बिट यात घालू नका, घसरतं.

बिटावर ८ आकडा असेल तर तो सोळांशांत वाचायचा, म्हणजे अर्धा इंच. दहा इंची ब्रेस म्हणजे मूठ फिरताना जे वर्तुळ होतं त्याचा व्यास दहा इंच.

वेज पाडायला आधी फणसाची फळी घ्या. टोकाचे आटे लाकूड धरून बिटाला आपणहून आत ओढतात, म्हणून दाबायची घाई नको. पिवळे धमक कीस पिळातून वर येत राहतात. मागच्या बाजूला आट्याचं टोक सुईएवढं डोकावलं की थांबा, फळी उलटा आणि त्याच ठिपक्यातून पुरं करा. सरळ आरपार काढलं तर मागची कड फाटते. धार लावताना बिटाच्या कडेच्या उभ्या नखांना बाहेरून कानस लावू नका, फक्त आतून. बाहेरून घासलं की भोक लहान पडतं, बिट अडकतं आणि पुन्हा कधी मोकळं फिरत नाही.

प्रश्नकर्ती : काका, कोपरे खाचेत घातले आणि डुगडुग गेली! आई खालून विचारते, “बुराक पडलो?” भोकासाठी हा ‘बुराक’ मराठीत चालेल का?

उत्तर : छान झालं! बुराक हा पोर्तुगीज ‘बुराकु’वरून कोंकणीत रुळला. लिहिताना मी ‘वेज’ लिहितो, तो ‘वेध’चा वारस आहे. घरात आईंशी बुराकच म्हणा.