स्टीलच्या घड्याळावरचे चरे घरी काढावेत का? मदत हवी आहे

मंडळी, बाबांचं जुनं टायटन आता मी रोज वापरतो. केस (घड्याळाची बाहेरची डबी) आणि पट्टा दोन्ही स्टेनलेस स्टीलचे. लॅपटॉपच्या कडेला घासून घासून बकलवर चऱ्यांचं जाळं झालंय, आणि केसच्या एका कोपऱ्याला नखाला लागेल इतका खोल ओरखडा आहे.

खोल ओरखडा राहू दे, त्यासाठी धातू बराच उतरवावा लागेल आणि कोपऱ्याची धार जाईल. प्रश्न बारीक चऱ्यांचा आहे. पट्ट्याच्या मधल्या कड्या चकचकीत, बाजूच्या मॅट, उभ्या रेघांच्या. ब्रासो फिरवलं तर मॅट भागही चमकणार. म्हणून चकचकीत भागावर मास्किंग टेप लावून मॅट भाग हिरव्या स्कॉचब्राइटने रेघांच्या दिशेने, एकाच बाजूला ओढायचा विचार आहे. हिरवी फार खरखरीत पडेल का? त्याऐवजी किती नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा?

दुसरं, बायकोचा आयफोन १३ प्रो. त्याची कडही स्टीलचीच, पण रंग सोनेरी. चंदेरी असता तर बिनधास्त घासला असता. सोनेरीवर वरचा थर निघून खालचं पांढरं स्टील दिसेल, म्हणून त्याला हात लावत नाही. (तिला चऱ्यांचं काही वाटतही नाही, त्रास मलाच.)

पुण्यात बफिंग (फिरत्या चाकावर पॉलिश) नीट, बेताने करणारा घड्याळजी कुणाला माहीत आहे का? साधारण किती घेतात? पॉलिश करताना मशीन केसमधून बाहेर काढतात ना, तेही सांगा.